आमच्या टकरीतला

मावशी माझी ओळख करून द्यायच्या ती अशी : "हा आमच्या टकरीतला." जणू टक्कर हे एखादं गाव असावं आणि आम्ही दोघं तिथले. ऐकणारे हसायचे. मी मान खाली घालायचो, कारण टक्कर खरी होती. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या आमच्या गल्लीत फोनवर बोलता बोलता मी कार मागे घेतली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी निघालेल्या मावशी पडल्या. पायाचं हाड मोडलं.

त्या मूळच्या नांदेडकडच्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, लेक दिलसुखनगरला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मावशीच म्हणाल्या, "डॅश झाला." हैदराबादेत टकरीला डॅशच म्हणतात, पण मावशींच्या तोंडी त्या शब्दाला कुठंही शिरायची मुभा होती. शेजारणीशी बिनसलं तरी डॅश, भाजी खारट झाली तरी "मिठाचा डॅश झाला बघ." रक्तदाब वाढला की ब्रेक फेल, झोप लागली नाही की इंजिन गरम.

तेलुगूत कुठलंही वाहन म्हणजे बंडी. वॉकर मिळाला तेव्हा मावशींनी नांदेडच्या जावेला फोन लावला. "जाऊबाई, मला नवी बंडी मिळाली." जाऊ म्हणाली, "बरं झालं, पावसाळ्यात गारठा असतो. लोकरीची आहे का?" मावशी आठवडाभर हसत होत्या.

मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचो आणि रोज माफी मागायचो. एकदा त्या वैतागल्याच. "धक्का लागला मला आणि बसला तुला. माझं हाड जुळून यायलंय. तुझं कधी जुळायचं?" टकरीच्या दिवसापासून मी गाडीला हात लावला नव्हता. ऑफिसला बसनं जायचो. कार खोळ घालून गल्लीत उभी होती.

दसरा आला. सकाळपासून गल्लीत स्कूटर, रिक्षा धुतल्या जात होत्या, झेंडूचे हार चढत होते. माझी गाडी तशीच झाकलेली. तिची पूजा करायची मला लाज वाटत होती. तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली. वॉकरच्या दांडीला पिशवी. पिशवीत हळदकुंकू, हार आणि लिंबं.

"मावशी, हिची पूजा नको. हिच्यामुळंच तुम्हाला..."

"तिनं काय केलं? मागं बघायचं काम तुझं होतं."

तोवर सगळे मला 'होतं असं कधी कधी' म्हणून समजावत होते, आणि त्यानं माझं मन अधिकच जड व्हायचं. मावशींनी सरळ सांगितलं आणि मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

"सणाच्या दिवशी गाडीला असं ठेवतात का? काढ ती खोळ."

मी गाडी धुतली. मावशींनी बॉनेटवर कुंकू लावलं, हार घातला. मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. त्या नीट पाहत होत्या. "या खेपेला लिंबू," म्हणाल्या, "मी नाही. चल, कोठीच्या बाजारात जाऊ. मला नव्या चपला घ्यायच्यात."

लिंबं फुटली, गाडी निघाली. गल्लीभर मी पहिल्या गिअरमध्येच होतो. कोठी येईपर्यंत मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासारख्या बोलक्या बाईनं एवढं करणं म्हणजे फार झालं.

दिवाळीनंतर लेकीनं त्यांना आपल्याकडे राहायला नेलं. मावशींना आणि त्यांच्या सामानाला मीच पोचवलं. लेकीची गल्ली पुढे बंद होती. परतायचं तर गाडी मागे घ्यायला हवी. त्या टकरीनंतर ते मी एकदाही केलं नव्हतं; लांबचा वळसा पडला तरी पुढूनच निघायचो. स्टीअरिंग धरून मी बसून राहिलो. आरशात पाहिलं तर मावशी काठी टेकत गाडीमागे येऊन, जरा बाजूला उभ्या राहिल्या होत्या.

"मावशी, तुम्ही घरात जा बघू!"

"मग मागं कोण बघणार? येऊ दे."

आरशात त्या, त्यांची काठी, त्यांचा हलणारा हात. मी रिव्हर्स टाकला.

"येऊ दे... येऊ दे... नक्को घाबरू, येऊ दे... बस्स."

डिकीवर दोन थापा पडल्या.

"हौ. आता जा. रविवारी जेवायला ये."