आमेन कोण म्हणालं?

शमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती. सून म्हणाली, बाबा, आधी बसा. मी बसलो नाही. उरलेली अर्धी पुरी केली, तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि मगच निघालो. धाकट्या भावाकडे शेवटचं जायचं ते अर्धवट तोंडानं नाही. याला आता पाच आठवडे झाले. पेपरात त्याच्याबद्दल चार ओळी आल्या, 'ज्येष्ठ पाळक, मनमिळाऊ स्वभाव' वगैरे. मनमिळाऊ तो होताच, पण तेवढ्यावर आमच्या घरातला माणूस संपत नाही. म्हणून मी लिहायला बसलो. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, माझ्या भावाचं मी लिहीन, तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील लालबागला गिरणीत आले, त्यांच्या मागून मी. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि पुढे लूमवर उभा राहिलो. शमूला मात्र मी गिरणीचं दार दाखवलं नाही. त्याला पाळक, म्हणजे पाद्री, व्हायचं होतं, तर मी म्हटलं हो. घाटावरच्या सेमिनरीत तो तीन वर्षं शिकला. सुट्टीत यायचा तेव्हा जमिनीवर खडूनं ग्रीक अक्षरं काढून दाखवायचा. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण पुसू द्यायचो नाही, त्यावरून चालायचं नाही अशी बायकोला ताकीद. आणि त्याची एक रीत होती, ती मी छाती फुगवून सांगतो. प्रत्येक उपदेश तो आधी मला वाचून दाखवायचा. मी पाळीवरून आलो, हातपाय धुतले, की खोलीबाहेर गॅलरीत स्टुलावर बसायचं आणि त्यानं कठड्याला टेकून बोलायचं. मी मान खाजवली की तो थांबायचा. "दादा, कुठे अडलं?" मी सांगायचो, आणि तो तेवढं खोडायचा. त्याच्या सगळ्या साहेब परीक्षकांच्या आधी मी परीक्षक, चौथी पास.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मोर्चे, हरताळ, पोलिसांच्या गाड्या. आमच्या शेजारच्या खोलीत महादू राहायचा, मालवणकडचा, माझ्याच खात्यात कामाला. मोर्चा असला की तो पुढे. चाळीतले काही जण आम्हाला टोमणे मारायचे, तुम्ही किरिस्तांव, तुम्हाला मुंबई इकडे काय आणि तिकडे काय! महादू तसला नव्हता, तो चेष्टा करायचा ती तोंडावर. एकदा गॅलरीत शमूचा उपदेश चालू असताना हा टॉवेल खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, "पाद्रीबाबा, तुमचो देव खंयच्या बाजूक? मुंबय आमकां मेळतली काय नाय, जरा इचारून सांग बघू." शमू हसला. म्हणाला, "विचारून सांगतो."

त्याच आठवड्यात गोळीबार झाला. महादू गेला. मागच्या चाळीतली यशोदाबाई गेली, ती तर मोर्चातसुद्धा नव्हती, वाळत घातलेले कपडे काढत होती. नाक्यावरचा भिकाजी गेला... आणि रविवारी शमूचा कसोटीचा उपदेश होता.

कसोटीचा उपदेश म्हणजे काय ते सांगतो. पाळकपदाची दीक्षा देण्याआधी उमेदवारानं मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांपुढे, एक उपदेश करायचा. पवित्रशास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा चर्चच्या पंचांनी द्यायचा, उपदेश लिहून आधी पंचांना दाखवायचा, त्यातला शब्द बदलायचा नाही. शमूला उतारा मिळाला हरवलेल्या मेंढराचा. पंचांचे प्रमुख एक रिटायर मास्तर होते. शनिवारी त्यांनी निरोप पाठवला, बाहेरचं काही आत आणू नकोस. शमूनं आणलं नाही. जसं लिहिलं होतं तसं बोलला, शब्दाला शब्द. माझं ते ऐकून पाठ झालं होतं, मला माहीत आहे. पण उपदेशानंतर प्रार्थना असते आणि प्रार्थना कुणी लिहून मागत नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. शमूनं मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली, विधवांची घेतली. मग जरा थांबला... आणि म्हणाला, "हे प्रभू, महादू, यशोदाबाई, भिकाजी. यांच्या घरच्यांना धीर दे. महादूनं मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर द्यायच्या आधी तो गेला. त्याला तू सांग." आणि आख्खी मंडळी म्हणाली, आमेन.

मंगळवारी पंचांनी शमूला बोलावलं. मला बोलावलं नव्हतं, पण मी गेलो आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. मास्तर म्हणाले, "उपदेशाबद्दल तक्रार नाही. प्रार्थनेत तू राजकारण आणलंस."

शमू म्हणाला, "मास्तर, महादू राजकारण नव्हता. तो आमच्या शेजारी राहायचा."

"पण तो आपल्या कळपातला नव्हता."

"हरवलेलं मेंढरू कळपात नसतंच, मास्तर. कळपात असतं तर मेंढपाळ त्याला शोधत कशाला फिरला असता? उतारा तर तुम्हीच दिलात."

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना धास्ती होती की मूठभर लोकांची आपली मंडळी, उद्या सरकार म्हणायचं हेही त्यातलेच. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "चूक झाली एवढं लिही. पुढच्या रविवारी दीक्षा. नाहीतर मग बघावं लागेल." शमूनं पेन उचललं. टोपण काढलं... तो काय लिहिणार होता ते मला आजही माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. कारण तेवढ्यात मी उठलो.

"दादा, तू बस," शमू म्हणाला.

मी कसला बसतो! मी म्हटलं, "मास्तर, रविवारी आमेन कोण म्हणालं? मी तुमच्या मागच्या बाकावर होतो. तुमचा आमेन सगळ्यांत मोठा होता. डोळे मिटलेले होते, कान तर उघडे होते ना? आमेन म्हणजे तसंच होवो, हे माझ्यासारख्या अडाण्याला कळतं. चूक लिहायची तर लिहू. खाली पहिली सही तुमची."

कुणीतरी फुसकन हसलं. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद परत ओढून घेतला आणि दीक्षा एक वर्ष पुढे ढकलली. नातेवाईक म्हणाले, याकोबनं तोंड उघडलं आणि भावाचं वर्ष घालवलं. म्हणोत. मी कुणाची माफी मागितली नाही, शमूचीही नाही. घरी येताना तो भारतमाता टॉकीजपर्यंत माझ्या पुढे झपझप चालला. मग एकदम हसायला लागला. "दादा, तीन वर्षं सेमिनरीत घासली," म्हणाला, "आमेनचा अर्थ आज कळला."

ते वर्ष तो माझ्याच गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहिला. संध्याकाळी महादूच्या पोरांना शिकवायचा. वर्षानं दीक्षा झाली तेव्हा मास्तर स्वतः शेजारी उभे होते, आणि आमेन परत त्यांचाच मोठा. या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते. मी बघितलं, म्हणजे माझेही उघडेच होते म्हणा. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई आपली राहिली, चाळीत दिवे लागले. शमू महादूच्या बायकोच्या दारात गेला. म्हणाला, "वहिनी, महादूनं विचारलं होतं त्याचं उत्तर आलं." ती चूल फुंकत होती. म्हणाली, "उशीर केल्यान तुमच्या देवान. माणूस ग्येलो ना रे माजो." शमू एवढंच म्हणाला, "हो." तिथेच उंबऱ्यावर बसून राहिला. मला विचाराल तर त्याचा सगळ्यांत मोठा उपदेश तोच.

तो गेल्यावर आठवड्याभरात मी त्याच्या खोलीत गेलो होतो. त्याची बायको शांता हिनं त्याचं पवित्रशास्त्र माझ्या हातात दिलं. आत एक चिठ्ठी होती, शेवटच्या रविवारची. दर रविवारी तो अशी चिठ्ठी करायचा, प्रार्थनेत घ्यायच्या नावांची. खाली सध्या आजारी असलेली माणसं, कुणाची कसली परीक्षा, वरळी कोळीवाड्यातली एक म्हातारी, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. आणि वर पहिली तीन नावं तीच. इतकी वर्षं तीच.

मी आयुष्यभर मागच्या बाकावरून आमेन म्हणणारा माणूस. मोठ्यानं प्रार्थना कधी केली नाही, शब्द चुकतील म्हणून. पण आता दर रविवारी मी त्याच्या घरी त्याच्या खुर्चीत बसतो, चष्मा लावतो आणि चिठ्ठी वाचतो. महादू, यशोदाबाई, भिकाजी... शेवटी माझ्या वाकड्या अक्षरात घातलेलं एक नाव आहे, तेही वाचतो. तिथे जरा थांबतो. आत शांता भाकरी थापत असते. तिचे हात थांबतात, आणि आतून तिचा आमेन येतो.