मिस्त्रींचं मत

आखातातल्या दोह्यातली ती शाळा माझ्यामुळे उभी राहिली, असं तिथले जुने लोक अजून म्हणतात. कुणाच्या लग्नकार्यात भेटले की नव्या सुनांना, जावयांना माझी ओळख करून देतात, ह्या बाईंनी घरोघर फिरून मतं गोळा केली होती बरं का. मी हसते. मग पंगतीत बसले तरी पानातलं तसंच राहतं, आणि नवरा विचारतो, पित्त झालं का. मी हो म्हणते. खरं काय ते त्यालाही मी पुरतं कधी सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही मूळचे नाशिकचे. तिकडे गेल्यावर सहा महिने घरात बसून मी भिंतींशी भांडायची बाकी राहिले होते, म्हणून भारतीय मुलांच्या शाळेत नोकरी धरली. शाळा कसली, एअरपोर्टच्या अंगाला भाड्याने घेतलेला बंगला होता तो. माझी तिसरी भरायची स्वयंपाकघरात. फळा ओट्यावर टेकवलेला, सिंकवर फळी टाकून त्यावर वह्यांचा ढीग. न्हाणीघरात ग्रंथालय. विमान उतरायला लागलं की मी बोलायची थांबायचे, गेलं की पाढे पुढे सुरू. दर आठवड्याला मुंबईहून नवी कुटुंबं येत होती आणि जागा नाही म्हणून आया फाटकावरून परत जात होत्या. ते बघून माझं डोकं फिरायचं.

सरकारने शाळेला जागा दिली होती, पण ठराविक मुदतीत पाया खणला नाही तर ती परत जाणार होती. पैसा आपला आपण उभा करायचा. समितीने ठराव केला की प्रत्येक मुलामागे बिल्डिंग फंड घ्यायचा आणि फी वाढवायची. त्यावर पालकांचं मत घ्यायचं. एका घराला एक मत, आणि तेही बापाचं. ठराव पास व्हायला तीनातले दोन हात वर जायला हवे होते. शाळेत शिकवायचं बायकांनी, डबे भरायचे बायकांनी, आणि हात वर करायचा मात्र ह्यांनी, असं मी अध्यक्षांना तोंडावर सुनावलं. ते गरीब स्वभावाचे होते. म्हणाले, मॅडम, तुम्हाला मत नाही, पण तोंड आहे ना, मराठी घरं तुमच्याकडे.

मग काय विचारता. मला हरायला लहानपणापासून आवडत नाही. रोज दुपारी नवऱ्याला गाडी काढायला लावायची आणि निघायचं. तो चिडवायचा, आता तू सरळ निवडणुकीलाच उभी राहा, चिन्ह लाटणं घे. एका पुण्याच्या घरी चहाच्या आधी शंका वाढल्या गेल्या, आणि चहा शेवटपर्यंत आला नाही. बहुतेकांचं म्हणणं एकच असायचं. आपण इथे दोन-चार वर्षांचे पाहुणे, पाहुण्याने घर बांधायचं असतं का? मी म्हणायचे, पाहुण्याची मुलं आत्ता स्वयंपाकघरात बसलीत, त्याचं बोला. एकेक करून लोक वळत गेले. मी वहीत खुणा करत होते आणि मनातल्या मनात फुशारत होते.

मिस्त्रींचं घर शेवटी राहिलं होतं. ते साताऱ्याकडचे सुतार. शहराबाहेर अल गराफाच्या बाजूला तेव्हा नुसती वाळू होती, मधून मधून एखादा बंगला. तिथे त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, राहत असे. मिस्त्रींनी त्याच्या घराचे दरवाजे असे काही घडवले की त्याने खूश होऊन बायको-मुलीचा व्हिसा करून दिला आणि बंगल्यामागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. हाताने काम करणाऱ्या माणसाला तिथे कुटुंब आणता येणं म्हणजे लॉटरीच. त्यांच्याबरोबरचे सगळे एका खोलीत आठ-आठ जण राहून गावी पत्रं पाठवत होते.

त्यांची दोन वेण्या घालणारी मुलगी माझ्या वर्गात होती. गावच्या शाळेतून आली तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. दोन वर्षांत अशी काही उचल खाल्ली पोरीने की इंजिनिअरांची पोरं तिच्या वहीत डोकावायला लागली. अख्खी शाळा मला मिस म्हणायची, ही एकटी बाई म्हणायची. हजेरीलासुद्धा, "आहे, बाई." बाकीची खिदळायची. तिला त्याचं काही नसायचं. आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

मिस्त्रींनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. मी नव्या शाळेचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि एवढंच म्हणाले, बाई सांगत्यात म्हंजी चांगलंच आसनार. मी वहीत खूण करायला पेन उघडलं. तेवढ्यात त्यांची बायको चहाचे कप खाली ठेवून पदर सावरत पुढे आली.

"बाई, त्यो फंड म्हंजी यांचा दोन म्हैन्याचा पगार हाय. वर फी वाढनार. गावाकडं सासू-सासरं हायती, त्यास्नी पैसं धाडावं लागत्यात. न्हाई झेपलं तर पोरीला घिऊन मला परत जावं लागंल. तिची शाळा सुटंल."

मिस्त्री तिच्यावर डाफरले. मुलगी दाराशी वही घेऊन बसली होती, तिने मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली होती.

मी म्हणाले, "वहिनी, ठरावात सवलतीचं घालायला लावते. ज्यांना झेपत नाही त्यांना अर्धा फंड. सभेत मी स्वतः उभी राहून बोलेन."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. घरी येताना गाडीत मी नवऱ्याला सांगितलं की एकही मराठी मत आता चुकत नाही.

सभा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बंगल्याच्या अंगणात मांडव घालून भरली. पुढे खुर्च्यांवर साहेबमंडळी, मागे उभे असलेले बाकीचे. मांडवात शिरतानाच मी अध्यक्षांना सवलतीचं सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ठरावात आज एक शब्द जरी बदलला, तर तो नव्याने लिहून सगळ्यांना परत नोटीस द्यावी लागेल. पुढल्या महिन्यात निम्मे लोक सुट्टीला भारतात. तोवर जागेची मुदत संपते. आज नाही तर खलास. सवलतीचं आपण मागाहून बघू, इन्शाल्ला.

त्यांचं चूक नव्हतं. म्हणूनच तर मी फसले. मला वाटलं, आधी शाळा तर होऊ दे, मग ह्यांच्या मानगुटीवर बसून सवलत काढते. मी मांडवाच्या कडेला जाऊन बसले.

तासभर वादावादी झाली. मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणाला काही बोलायचंय का? मागच्या रांगेत मिस्त्री उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यांना काय कळलं असेल देव जाणे. पण हा प्रश्न त्यांना कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बाई उठणार, अशा नजरेने पाहिलं. मी साडीच्या निऱ्या नीट करायला लागले. निऱ्या नीटच होत्या. अध्यक्षांनी थोडा वेळ थांबून मतदान पुकारलं.

हात वर गेले. मोजणी झाली, परत झाली, आणि ठराव अगदी काठावर पास झाला. ज्या घरांत मी गेले नव्हते त्यांनी तो पाडला असता, मराठी हातांनी तारला. मी पाहिलं, मिस्त्रींचाही हात वर होता. लोक माझं अभिनंदन करायला आले, आणि मी तेव्हा सुखावलेही. हे लपवण्यात अर्थ नाही.

सवलतीसाठी मी खेपा घातल्या नाहीत असं नाही. समिती म्हणायची, इमारत होऊ द्या. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींची बायको शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. त्यावर वर्गशिक्षिकेची सही लागायची आणि शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागायचं. मी लिहिलं, पालकांच्या इच्छेने. माझ्या हाताने लिहिलं. ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही. वाकून नमस्कार करून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी आज इतकी म्हातारी झाले नसते. मुलगी फाटकाबाहेर टॅक्सीत बसून होती. मी गेले नाही तिच्याजवळ. वर्ग सोडून कसं जाणार, असं स्वतःला सांगितलं.

पाऊणेक वर्षाने आम्ही नव्या इमारतीत गेलो. ऐसपैस वर्ग, खिडक्या, प्रयोगशाळा, खरंखुरं ग्रंथालय. सगळे खूश, मी सोडून. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना दोन नावांच्या मध्ये मी थांबले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "आहे, बाई." मी मान वर केली. पोरं माझ्याकडे बघत होती. कुणीच बोललं नव्हतं.

आधी वाटलं, थकवा. मग ते वरचेवर होऊ लागलं. वर्ग सुटल्यावर मोकळ्या व्हरांड्यातून जाताना पाठीमागून हाक यायची, बाई. मी वळायचे, तर लांबच लांब फरशी आणि टोकाला ऊन. एकदा पावसाळी ढगांसारखं वाळूचं वादळ आलं, मुलांना लवकर सोडलं. मी खिडक्या लावत होते, तर शेवटच्या बाकावर दोन वेण्या दिसल्या. जवळ गेले. धुळीने भरलेला बाक, बाकी काही नाही. मी तो पदराने पुसला आणि तिथेच बसून रडले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आईशपथ नाही. पण जिवंत पोरीचं भूत होत असेल, तर त्या इमारतीत ते होतं आणि मलाच दिसत होतं. नवरा म्हणाला, नोकरी सोड. मी म्हटलं, मी गेले तर तिला ओळखणारं तिथे कोण राहील? आणि मी लगेच विषय बदलला.

अशी सहा-सात वर्षं गेली. एका सकाळी शाळेत दारं-खिडक्या दुरुस्त करायला कंत्राटदाराची माणसं आली. माझ्या वर्गाच्या दाराची बिजागरी काढत एक जण बसला होता. केस पांढरे, पण बसण्याची ढब तीच. मिस्त्री. पहिला कफील वारला होता, त्या खोल्या गेल्या होत्या, आता ते कंपनीच्या कॅम्पात एकटेच राहत होते. मला पाहून उठले, हात पुसून नमस्कार केला.

मी मुलीचं विचारलं. ते म्हणाले, गावच्या शाळेत तिला घातलं, पण मराठी लिहिणं मागे पडलेलं, म्हणून दोन इयत्ता खाली बसवली. मोठी पोर लहानांत बसायची. पोरं हसायची. सातवीपर्यंत शाळा होती, ती कशीबशी केली. पुढची शाळा दोन गावं पलीकडे, आईने पाठवली नाही. आता येत्या वैशाखात लग्न. मुलगा एसटीत आहे, चांगला आहे.

मग त्यांनी विचारलं, ती इथे असती तर आता कुठल्या वर्गात असती. मी म्हणाले, दहावीत. त्यांना तो वर्ग बघायचा होता.

मी त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेले. दहावीच्या दाराबाहेर त्यांनी कामाचे बूट काढले आणि अनवाणी उभे राहून काचेतून आत बघत राहिले. आत मुली प्रयोगाची वही लिहीत होत्या. एकीने सहज वर पाहिलं आणि परत लिहायला लागली. मिस्त्री बराच वेळ बघत होते, आणि मला सहन होईना.

मी म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. कबूल केलं होतं मी. मी बसून राहिले."

"ठावं हाय, बाई. तुमी खाली बघितलं तवाच समजलं मला."

"मग तुम्ही हात का वर केलात? खाली ठेवला असतात तर..."

त्यांनी काचेवरची नजर काढली नाही.

"करनार नव्हतो. पर पोरीनं सकाळीच सांगितलं हुतं. म्हनली, पप्पा, माझी शाळा सुटली तरी चालंल, पर हात वर करा. न्हाईतर बाई हरत्याल."