पुण्याचे सर

शेठने माझ्यासाठी जे इंग्रजीचे मास्तर शोधून काढले, त्यांना आम्ही सगळे ‘पुण्याचे सर’ म्हणायचो. स्क्रीनवर त्यांच्या मागे पुस्तकांचं भलंमोठं कपाट दिसायचं. ते साफ खोटं होतं. सरांनी मान हलवली की त्यांचा एक कान त्या कपाटात गडप व्हायचा, आणि मी व्याकरण सोडून कान परत कधी येतो तेच बघत बसायची.

खानदेशात लोणखेड्याजवळ केळीचं पॅकिंग हाऊस आहे, तिथे मी ऑफिस सांभाळते. माल दुबईला जातो. तिथल्या व्यापाऱ्यांशी फोनवर शेठ स्वतः बोलायचे, म्हणजे ‘ओके ओके’ म्हणायचे आणि मग काय ओके केलं ते मला निस्तरावं लागायचं. ते बोलायचं काम मला हवं होतं. अगदी जिवापाड हवं होतं. शेठ म्हणाले, इंग्रजी शीक, काम तुझं; नाहीतर नाशिकहून कोणीतरी आणतो.

म्हणून रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल टेकवून मी सरांपुढे बसायची. सरांचं पहिलं फर्मान असं, की घरची भाषा विसरा, इंग्रजीत विचार करा. आता वांग्याच्या भरिताला फोडणी देताना इंग्रजीत काय डोंबल विचार करायचा? मी एखादं वाक्य बरोबर बोलले तरी ते नाक मुरडून म्हणायचे, “टोन फार गावठी आहे तुमचा.” स्वतः मात्र असं ओठ चावून बोलायचे, की दाढ दुखतेय की काय वाटावं. आणि शिकवणं? ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यातला फरक त्यांनी मला इतक्या वेळा इंग्रजीतूनच समजावला, की शेवटी मला दोन्ही नकोसे झाले.

एका संध्याकाळी मी पुन्हा तिथेच अडकले. सर वैतागले आणि म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर क्लास बंद करू या का? तेवढ्यात बाहेरून सासूबाई ओरडल्या, की अंगणातल्या चुलीवरचं दूध उतू जातंय. मी तोंड वळवून म्हटलं, “येस, येस!”

आमच्या अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येते’. पुण्याच्या माणसाने काय समजायला हवं होतं? की बाई हो म्हणाली, क्लास बंद. पण सर शांतपणे म्हणाले, “जाऊन या, थांबतो मी.”

मी दूध खाली उतरवलं आणि तिथेच थबकले. मग परत येऊन सरळ विचारलं, “दादा, तुम्हनं गाव कोणतं शे?”

कान कपाटात गेला, बाहेर आला. ते इंग्रजीत म्हणाले, अभ्यासाकडे लक्ष द्या. मी म्हटलं, नाही, आधी गाव. तेव्हा ते अगदी हळू बोलले, “धानोरा. पण ताई, कोनले सांगू नका.”

मला हसावं की मोबाइल आपटावा, कळेना. महिनोन् महिने हा आमच्याच भागातल्या धानोऱ्याचा बाबा मला गावठी म्हणत होता! मी त्यांना बजावलं, आता मुकाट्याने अहिराणीत शिकवा. आणि शिकवलं की हो त्यांनी. म्हणाले, ‘मी जास’ म्हणजे रोजचं जाणं, ते ‘आय गो’. ‘मी जाई ऱ्हायनी’ म्हणजे आत्ता निघालेय, ते ‘आय ॲम गोइंग’. झालं, एवढंच होतं. एवढ्यासाठी माझं डोकं पिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा ‘पुण्याचे’ होऊन बसले, पण माझं काम झालं होतं.

शेठने समोर बसून दुबईचा फोन माझ्या हातात दिला. एक गाडी बंदरात का अडली, पुढची कधी निघते, सगळं मी सांगितलं. तिकडच्या माणसाने एकही गोष्ट पुन्हा विचारली नाही, उलट फोन ठेवताना आभार मानले. शेठ खूश. पण शेठच ते, खात्रीसाठी त्यांनी लगेच सरांना फोन लावला, स्पीकरवर, आणि विचारलं, की पोरीला हे काम द्यावं का?

सर म्हणाले, “तयारी बरी आहे. पण टोन गावठी आहे. परदेशी लोकांपुढे बरं दिसणार नाही.”

अंगाची लाही लाही झाली माझ्या. फोन ठेवल्याबरोबर मी त्यांचं सगळं बिंग शेठपुढे फोडलं, धानोरा, दूध, ‘येस’, काही लपवलं नाही. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

“येडी व्हयनी का बेटा?” ते म्हणाले. “धानोराना माणूस इतलं इंग्रजी बोलस का कधी?”

नाशिकची मुलगी पहिल्या तारखेला आली.