येऊ द्या, येऊ द्या, बस

माझी आत्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. एकतीस वर्षं ती एकाच सर्जनच्या उजव्या हाताला उभी राहिली. छाती उघडलेली असताना सरांनी मान न वळवता तळहात पसरायचा आणि हिने त्यावर नेमकं अवजार ठेवायचं. सरांना ते तोंडाने मागावं लागलं, तर आत्याला तो स्वतःचा अपमान वाटे. सिस्टरने मध्ये बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. घरी मात्र ती झोपेतही गप्प नसते, असं आतोबा म्हणतात.

यंदा तिथे रोबोट आला. तो बसवणाऱ्या इंजिनिअरांमध्ये मी होते आणि आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. बरगड्या फाकवणारं ते दांड्याचं पोलादी अवजार आता शक्यतो ट्रेमध्येच राहणार. बरगड्यांच्या मधून बोटाएवढी चार छिद्रं, त्यांतून एक कॅमेरा आणि मनगटासारखी वळणारी अवजारं. सर कोपऱ्यातल्या यंत्राच्या खिडकीत डोळे लावून बसणार. छातीच्या आतलं त्यांना दहापट मोठं दिसणार, बाहेरचं मात्र काहीच नाही.

सरावासाठी पुतळा होता. रोबोटचा एक हात पुतळ्याच्या खांद्यावर टेकायला आला. आत्याने ते पाहिलं, आणि जुन्या सवयीने तोंड मिटून स्वतःचा तळहात मध्ये घातला.

प्रशिक्षकाने यंत्र थांबवलं. "ताई, हात चिरडला असता. सांगायचं ना."

"सरांचं काम चालू असताना?"

शुक्रवारी आणखी एक संधी, नाहीतर अवजारांच्या स्टोअरमध्ये बदली, असं ठरलं. आत्या घरी आली ती ताट पुढे सारून बसली.

आतोबांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. ते म्हणाले, "मी रिव्हर्स घेताना माझा क्लीनर मागे गप्प उभा राहिला असता, तर किती भिंती पाडल्या असत्या मी?"

"सर काय ट्रक ड्रायव्हर आहेत?"

"आता झालेत. मागचं दिसत नाही ना त्यांना? मग तू क्लीनर."

आत्याने डोळे वटारले, पण ताट जवळ ओढलं.

त्या संध्याकाळी आम्ही दिवाणावर उशी ठेवली. तिच्याभोवती रोबोटच्या हातांऐवजी चार छत्र्या. दोन आतोबांच्या हातात, दोन माझ्या, आणि आमची दोघांची तोंडं भिंतीकडे. आत्या ओरडत होती, "डावीकडे घ्या. अहो, तुमची डावी. येऊ द्या, येऊ द्या, बस." शेजारचे काका दारात येऊन विचारून गेले, ट्रक नक्की कुठे लावताय म्हणून.

शुक्रवारची चाचणी निभावली. पण पुतळा वेगळा आणि माणूस वेगळा. सोमवारी टेबलावर पोहायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ. तो भाग काढायचा होता. मी यंत्राच्या पडद्याशी उभी होते. दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग सरांनी आतली अवजारं गाठीच्या मागे वळवली आणि बाहेर रोबोटचा तिसरा हात बाईंच्या खांद्याकडे झुकू लागला.

आत्याचा तळहात उचलला गेला. पण या वेळी तो हवेतच थांबला.

"सर, तीन नंबर खांद्याकडे चाललाय."

"जागा किती आहे?"

"चार बोटं. येऊ द्या... येऊ द्या... बस."

हात जागच्या जागी थांबला. भूल देणारे डॉक्टर मास्कमध्ये खुसखुसले. सरांनी खिडकीतून डोकं न काढता विचारलं, "सिस्टर, एकतीस वर्षं हा आवाज कुठे होता?"

"घरी वापरत होते."

गाठ निघाली. चौथ्या दिवशी त्या बाई कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होत्या, हसताना बरगडी न धरता. पुढच्या सोमवारच्या यादीत रोबोटच्या दोन केसेस लागल्या आणि दोन्हींपुढे आत्याचं नाव होतं.

ती घरी येऊन चप्पल काढत होती, तेव्हा आतोबांनी पेपरमधून मान वर केली.

"भिंत पाडली का?"

"खरचटलंसुद्धा नाही," आत्या म्हणाली, आणि मग जेवण होईपर्यंत तिने कुणालाच बोलू दिलं नाही.