अर्ध्या गुल्डनची धुतलेली नोट

झूटरमेरहून आर्नहेमला निघालो तेव्हा लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. डब्यात आम्ही दोघीच, मास्क लावलेल्या. सोबत होती वरच्या मजल्यावरची मौसी, मूळची सुरिनामची. तिच्या आजोबांना डचांनी उत्तर हिंदुस्थानातून तिकडच्या आपल्या मळ्यांवर राबायला नेलं होतं. पुढे युद्धात चांदीची नाणी मिळेनाशी झाली आणि तिथल्या डच सरकारनं अर्ध्या गुल्डनच्या कागदी नोटा काढल्या. त्यातल्या एकीच्या मागे आजोबांनी शाईनं आपल्या गावाचं नाव नागरीत लिहून ठेवलं होतं. घरात आता नागरी कुणालाच येत नाही. मौसीनं मला ते वाचायला बोलावलं, निदान फोटो पाठवते म्हणाली. मी म्हटलं, फोटो कशाला, निवांत येते. मग ऑफिसच्या मीटिंगांत वर्ष गेलं. नोट विरायला लागली म्हणून तिनं ती आर्नहेमच्या एका जुन्या नोटांच्या दुकानात पाकिटात बसवायला दिली आणि लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं. आता ती आणायला निघालो होतो.

उत्रेख्तला गाडी बदलताना मौसीनं फलाटावर डबा उघडला. बारा (उडदाचा वडा) आणि झणझणीत चटणी. मास्क हनुवटीवर ओढून खाल्लं.

दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं ‘नोटखेल्ट’. मला वाटलं, आपलीच ‘नोट’. मौसी हसली. डचमध्ये ‘नोट’ म्हणजे अडचण. हा अडचणीच्या काळातला पैसा.

दुकानदारानं हातमोजे घालून नोट पुढे ठेवली. “स्खोन (स्वच्छ),” तो कौतुकानं म्हणाला. मागची बाजू कोरी होती.

“इथं काहीतरी लिहिलेलं होतं,” मी म्हणाले.

“हो, कुणीतरी खरडलं होतं. मोठ्या मुश्किलीनं शाई काढली. त्याचे पैसे नकोत.”

माझं डोकंच फिरलं. कुणीतरी म्हणे! माणसं जहाजात भरून नेलीत, आणि त्यांच्या गावाचं उरलेलं एक नाव तेही फुकटात पुसलंत? तोडक्यामोडक्या डचमध्ये मी वाट्टेल ते बोलले. तो बिचकून एकच सांगत राहिला, कोऱ्या नोटेलाच संग्राहक विचारतात. शेवटी मौसीनं कोपर धरून मला बाहेर आणलं.

परतीच्या गाडीतही माझी चिडचिड चालूच होती.

“बेटी,” मौसी म्हणाली, “उस दुकानवाले को तो पढ़ना नहीं आता था।”

मला तोंड वर करवेना. इतका वेळ मी कुणावर तोंडसुख घेत होते?

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे पेन मागितलं. लहानपणापासून पाहिलेली अक्षरं आठवून आठवून कागदी रुमालावर रेघा ओढल्या. शेवटचं ‘पुर’ तेवढं मला लागलं.

“मिला?” तिनं विचारलं.

‘पुर’नं संपणारी गावं उत्तर हिंदुस्थानात किती आहेत, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.