सुतळीची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगून हलकं वाटेल अशी आशा मात्र नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. विभागात एकटीच बाई. म्हणून मुलींच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे, संमेलनातली रांगोळी माझ्याकडे, पाहुण्यांच्या चिवड्याची काळजीसुद्धा माझ्याकडेच. पहाटे नंदनवन वस्तीतल्या घरचा स्वयंपाक उरकायचा, मग बस, मग तास. सुरुवातीला शिकवायचं वेड होतं हो मला — खरंच होतं. ते कधी गेलं, कळलं नाही. पुढे पुढे टेबलावर नुसता कागद दिसला तरी मी तो उपडा घालून ठेवायचे. पण थकलेली तर सगळीच माणसं असतात ना?

सुजाता माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. सावनेरहून एस.टी.नं यायची. आई तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गोण्यांची तोंडं बांधायची. तिथल्या कामकरी बायांवरच या पोरीचा प्रबंध. घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. पहिलं प्रकरण तिनं हातानं लिहून आणलं — जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून, वर सुतळी. गाठ आईनं मारलेली.

दोन महिने ते माझ्या कपाटात पडून होतं. रोज ठरवायचे, उद्या. मग एक दिवस ती दारात उभी — आणि मी म्हणाले, मांडणी सैल आहे, पुन्हा लिही. किती सोपं गेलं ते! बाड होतं तसं उचलून ती गेली, आणि अख्खं प्रकरण पुन्हा लिहून आणलं, वर तीच आईची गाठ. पुन्हा दोन महिने कपाटात. पुन्हा तेच, मांडणी सैल. एखाद्या प्राध्यापकाच्या मुलीचं असतं तर उघडलं असतं का मी? असतं. हेही सांगूनच टाकते.

या खेपेला ती बाड उचलून निघाली नाही. गाठीवर बोट ठेवून उभी राहिली.

"मॅडम, मागच्या बारीले आई विचारून राहिली होती मले. गाठ तर माह्याच हातची आहे, म्हणे. दाभणाबिगर सुटत नाही थे. मग मॅडमनं वाचलं कसं?"

शेजारच्या टेबलांपाशी दोन सहकारी बसले होते. मी म्हणाले, वाचून मीच बांधली तशी. तिथं तरी थांबायचं — पण नाही, मी तिच्यावर खेकसले. माझ्यावर संशय घेतेस? सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आणि तिनं — तिनं माझीच माफी मागितली. "चुकलं, मॅडम," एवढंच म्हणाली. बाड टेबलावर सोडून गेली, ती परत आली नाही.

वर्षअखेरीच्या अहवालात मी लिहिलं, विद्यार्थिनीला कामात रस उरलेला नाही. रस कुणाला उरला नव्हता?

अहवाल गेल्यावर आठवड्याभरानं, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका दुपारी, कूलरसमोर बसून मी दाभणानं ती गाठ सोडली. का त्याच दिवशी, ते विचारू नका. साठ पानं. मांडणी कुठेही सैल नव्हती. एका पानावर तिनं आईचंच बोलणं उतरवलं होतं: "हात तेवढे कामावर येते, माय. मी काही येत नाही." ते वाचून मी खूप रडले — सुजातासाठी नाही, स्वतःसाठी. लाज वाटते सांगताना, पण तसंच झालं.

अजून वेळ होता. अहवाल परत मागवता आला असता. चूक माझी, एवढंच लिहायचं होतं. पत्ता पहिल्याच पानावर होता. सावनेर तासाभराच्या अंतरावर.

जूनमध्ये तिची नोंदणी रद्द झाली. मी पानं पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळली, वर सुतळी घेतली. या वेळी गाठ खरंच मी मारली.