गावाचा खांदा

आमची पोस्ट काश्मीरमध्ये, ताबारेषेवर होती. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग हत्यारांची सफाई, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. मी सेक्शनचा हवालदार, अलिबागकडचा. लान्सनायक संदेश म्हसळ्याजवळच्या एका भातशेतीच्या गावातला. एकदा तो सुट्टीवरून उशिरा परतला, म्हणून त्याला पिठ्ठू लागला. पाठीवर भरलेला पॅक, हातात रायफल आणि ग्राउंडला चकरा. त्याने कुरकुर न करता चकरा पुऱ्या केल्या. मग ज्या हवालदार मेजरने शिक्षा दिली, त्यानेच त्याला चहा पाजला.

"ही शिक्षा बरी, साहेब," संदेश मला म्हणाला. "संपते तरी."

तेव्हा कळलं की त्याचं घर गावाने वाळीत टाकलंय. बांधाच्या वादात त्याचे वडील बाळाराम गावकीचा निकाल न मानता अलिबागच्या कोर्टात गेले होते. तेव्हापासून त्यांना दुकानात मीठ नाही, लावणीला माणूस नाही. त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड. असा बहिष्कार कायद्याने गुन्हा आहे. गावकीला ते पक्कं ठाऊक, म्हणून लेखी काहीच नाही.

त्या हिवाळ्यात पेट्रोलवर फायर आलं. संदेश स्काउट होता, सगळ्यांत पुढे. मी रेडिओ घेतला.

"एक घायल. ओव्हर."

"हालत?"

माझा हात त्याच्या मानेवर होता. नाडी लागत नव्हती.

"लान्सनायक संदेश शहीद. ओव्हर."

सुभेदारसाहेब म्हणाले, "तू पोहोचव. तुझ्याकडचा होता."

ट्रक गावात शिरला तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. तिरंगे, मोबाइल, "अमर रहे"च्या घोषणा. आम्ही शवपेटी त्याच्या घराच्या अंगणात उतरवली. घोषणा चालूच राहिल्या, पण रस्ता ओलांडून एकही माणूस अंगणात आला नाही. संदेशच्या आईने माझा हात धरला.

"साहेब, माझ्या पोराला गावाचा खांदा पायजे. दुसरं काय न्हाय."

मी गावकीच्या अध्यक्षांकडे गेलो. खांद्याला चार माणसं मागितली.

"पोरगा आमचाच हाय, साहेब," ते म्हणाले. "बापानं केस मागं घ्यावी, देवळात पंचांचं पाय धरावं. मंग येतो ना आमी."

बाळाराम माझ्यासोबत देवळात आले. एकेका पंचाचे पाय धरले. केस मागे घेतो म्हणाले.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "आता सभा बसल, तवा ठरवू."

"कधी?" मी विचारलं.

"बसल की."

माझं डोकं फिरलं. अंगावर वर्दी नसती तर तिथेच त्या माणसाचं नरडं धरलं असतं. तिकडे अंगणात पेटी वाट बघत होती. शेवटी आम्ही जवानांनीच संदेशला नेलं. सलामीच्या फैरी झाल्या तशा रस्त्यावरच्या घोषणा आणखी चढल्या. पुढे बाळारामांनी शब्द पाळला, केस मागे घेतली. सभा अजून बसलेली नाही.

आता मी पेन्शनवर आहे. गावाने नाक्यावर संदेशचं स्मारक बांधलंय. त्याच्या स्मृतिदिनाला मी जातो. अध्यक्ष हार घालतात, देशावर भाषण करतात. संदेशची आई अबोलीचा गजरा घेऊन रस्त्यापलीकडे उभी असते. यंदा मी तिला आणायला गेलो.

"चला, आई."

"नको, बाबा. मी तिथं गेली तर त्या बायकांना दंड पडल. पांगू दे त्यांना."

लोक पांगेपर्यंत मी तिच्याशेजारी उभा राहिलो. मग आम्ही दोघं रस्ता ओलांडून संदेशकडे गेलो.